सोलापूरहून विमानानं जाताना: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घर ते घर हिशेब

गेल्या पावसाळ्यात आत्याला गोव्याला मुलीकडे पोचवायचं होतं. वय बहात्तर, विमानात कधी पाऊल ठेवलेलं नाही. तिच्या नातवानं मोबाइलवर बघून सांगितलं, "सोलापूर ते गोवा तीनशे पाच किलोमीटर, पन्नास मिनिटं." तिकीट काढलं तर त्यावर सव्वा तासाच्या घरातली वेळ. नकाशाच्या ॲपवर रस्ता बघितला तर चारशेच्या वर किलोमीटर आणि आठ-नऊ तास. आत्या तिन्ही आकडे ऐकून म्हणाली, "अरे, गोवा एकच आहे नव्हं? मग तीन-तीन अंतरं कशी?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे आता नव्यानं विमानात बसणारे खूप आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आणि मुक्कामी पोचायला किती वाजतील हे त्यातला एकही आकडा सांगत नाही. तो हिशेब आपला आपल्यालाच मांडावा लागतो. कागद-पेन्सिल घेऊन तो कसा मांडायचा, ते इथे क्रमानं सांगतो. एकदा जमला की कुठल्याही दोन छोट्या विमानतळांना लावता येतो.

सुरुवातीला थोडं आपल्या विमानतळाबद्दल, कारण बाहेरून सोलापुरात नव्यानं राहायला आलेल्यांना हे ठाऊक नसतं. होटगी रोडवरचं हे विमानतळ जुनं आहे. मध्यंतरी किंगफिशरचं विमान काही काळ मुंबईला जायचं, मग ते बंद पडलं आणि बरीच वर्षं प्रवासी विमान नव्हतंच. धावपट्टीजवळच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद शहरानं वर्षानुवर्षं ऐकला. साधारण ९० मीटर उंचीची ती चिमणी विमानांच्या वाटेत येत होती. १५ जून २०२३ रोजी ती पाडली. त्या दिवशी गच्च्यागच्च्यांवर माणसं उभी होती. कुणाला विमान येणार याचा आनंद होता, तर ज्यांचा ऊस तिथे जायचा त्यांच्या घरात त्या दिवशी वेगळीच शांतता होती. दोन्ही गोष्टी या शहराच्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. पुढे २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ पासून फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरनं मुंबईची सेवा सुरू केली. वेळापत्रकं बदलत राहतात, रोजचं विमान आठवड्यातून चार दिवसांवर येतं, चार दिवसांचं रोजचं होतं. म्हणून इथे सुटण्याच्या वेळा देत नाही. त्या तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरच बघाव्यात.

पहिली पायरी: दोन्ही टोकं पक्की करा

अंतर मोजण्याआधी ते कुठून कुठे मोजायचं हे नक्की पाहिजे. हे बोलायला सोपं वाटतं, पण सर्वात महाग चूक इथेच होते. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी खूण असते. सोलापूरची खूण एसएसई. गोव्याला मात्र दोन विमानतळं आहेत: उत्तरेला पेडणे तालुक्यातलं मोपा, म्हणजे जीओएक्स, आणि वास्कोजवळचं जुनं दाबोळी, म्हणजे जीओआय. सोलापूरचं विमान मोपाला उतरतं. मुंबईचंही आता तसंच झालंय. सांताक्रूझ-अंधेरीचं जुनं विमानतळ म्हणजे बीओएम आणि २०२५ च्या डिसेंबरपासून सुरू झालेलं नवी मुंबईचं म्हणजे एनएमआय. तिकिटावर नुसतं 'गोवा' किंवा 'मुंबई' वाचून पुढे जाऊ नका, ही तीन अक्षरं बोट ठेवून वाचा.

हे इतक्या कळकळीनं सांगतोय कारण मी स्वतः फसलोय. सोलापूरहून गोव्याला उतरून तिथून पुढचं विमान पकडायचं होतं. मध्ये चार तासांचं अंतर ठेवलं होतं आणि मी निर्धास्त होतो. मोपाला उतरल्यावर पुढच्या तिकिटावर बघितलं तर ते दाबोळीहून होतं. मध्ये दीड तासाहून जास्त रस्ता, वर पाऊस. टॅक्सीवाल्या दादांनी जिवाचं रान केलं म्हणून काउंटर बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी पोचलो. त्या दीड तासात घड्याळाकडे किती वेळा बघितलं, ते मलाच माहीत.

दुसरी पायरी: हवाई अंतर मोजा

दोन विमानतळांमधलं हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून काढलेली सर्वात जवळची रेषा. पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला की तो जसा बसतो, तशी. वाटेत घाट येवो, भीमा येवो की ज्वारीची रानं येवोत, रेषेला त्याचं काही नाही.

मोजायचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग असा: मोबाइलवर गूगल मॅप्स उघडा, सोलापूर विमानतळावर बोट दाबून धरा, खाली 'अंतर मोजा' असा पर्याय येतो, तो निवडा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर न्या. किलोमीटर खाली दिसतात. 'दिशानिर्देश' दाबू नका, त्यात रस्त्याचं अंतर येतं.

दुसरा मार्ग हातानं करायचा. शाळेत भूगोल आणि पायथागोरस शिकलेल्या कुणालाही तो जमतो. घरात नववी-दहावीचं पोर असेल तर त्यालाच बसवा, त्यालाही गंमत वाटेल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवाकडे जाताना तो आकसत जातो. आपल्या सोलापूरच्या अक्षांशावर तो साधारण १०६ किलोमीटर भरतो.

आता सोलापूर–मुंबई घेऊ. सोलापूर विमानतळ १७.६३ अंश उत्तर, ७५.९३ अंश पूर्व. मुंबईचं जुनं विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक १.४६, गुणिले १११, म्हणजे १६२ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.०६, गुणिले १०६, म्हणजे ३२४ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ३६२ किलोमीटर. संगणकावर गोलाचं पूर्ण सूत्र घालून काढलं तरी जवळपास हेच येतं. इतक्या छोट्या अंतरात पृथ्वीची गोलाई काही फरक पाडत नाही. दिल्ली किंवा दुबईला मात्र ही वहीतली रीत चालवू नका.

याच रीतीनं आपल्याकडून मोपा साधारण ३०५ किलोमीटर येतं, बेंगळुरू ५२८, हैदराबादचं शमशाबाद २६८, पुण्याचं लोहगाव २३८ आणि कोल्हापूर २०५. पुण्याचा आकडा मला फार आवडतो. लोहगावहून मुंबई विमानतळ साधारण १२४ किलोमीटर आहे. २३८ आणि १२४ मिळवा: ३६२. म्हणजे सोलापूर ते मुंबई सरळ रेषा ओढली तर पुण्याचं विमानतळ जवळजवळ त्या रेषेवरच येतं. रेल्वेनं आपण दौंडवरून, रस्त्यानं इंदापूर-भिगवणवरून वळसे घेत पुण्याला जातो, पण नकाशावर ही तिन्ही शहरं एका ओळीत उभी आहेत.

प्रत्यक्षात विमान या रेषेवर काटेकोर चालत नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात, उतरताना धावपट्टीच्या रोखानं वळावं लागतं. आपली धावपट्टी वायव्य–आग्नेय अशी आहे. विमान सोलापूरला नैर्ऋत्येकडून आलं तरी उतरताना तिच्या सरळ रेषेत यावंच लागतं. म्हणून मोजलेल्या अंतरात पाच-दहा टक्के जास्तीचे धरा.

तिसरी पायरी: विमान कोणतं आहे ते बघा

'अंतर भागिले वेग बरोबर वेळ' हे गणित सगळ्यांना येतं. गोची वेगात आहे. अंतर सांगणारी बरीच संकेतस्थळं सगळ्या विमानांना एकच वेग लावतात, मोठ्या जेट विमानाचा, ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास, आणि वर अर्धा तास मिळवतात. ३०५ भागिले ८०० म्हणजे तेवीस मिनिटं, अधिक तीस, झाली त्रेपन्न मिनिटं. आत्याच्या नातवाला दिसलेली 'पन्नास मिनिटं' ती हीच.

पण गोव्याचं विमान आहे एटीआर ७२. त्याला पंखे असतात. पूर्ण वेगात ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. स्टार एअरकडे एम्ब्रेअर १७५ आहे, ते जेट, ताशी ८०० च्या वर जाणारं. तिकीट काढताना विमानाचं नाव बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा.

मग एटीआर वाईट का? मुळीच नाही. छोट्या धावपट्टीवर उतरायला आणि कमी अंतराला ते जेटपेक्षा कमी इंधनात जायला तेच बरं. आणि जेटचा वेगही छोट्या प्रवासात पुरता वापरला जात नाही. विमान सुटल्यावर पंधराएक मिनिटं वर चढण्यात जातात, उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं खाली येण्यात जातात, मधला सपाट पल्ला छोटाच उरतो. एस.टी. मोहोळपर्यंत जाताना पाचव्या गिअरमध्ये कितीशी चालते, तसंच हे.

म्हणून मी स्वतःपुरता एक ठोकताळा बसवलाय. एटीआर असेल तर किलोमीटरला ४५० नं भागायचं, जेट असेल तर ७०० नं, आणि दोन्हींत अर्धा तास मिळवायचा. मोठं, गर्दीचं विमानतळ असेल तर आणखी दहा मिनिटं.

गोवा: ३०५ भागिले ४५०, म्हणजे एक्केचाळीस मिनिटं, अधिक तीस. एक तास अकरा मिनिटं.
मुंबई, जेटनं: ३६२ भागिले ७००, म्हणजे एकतीस मिनिटं, अधिक तीस, अधिक गर्दीची दहा. तेवढीच, एक तास अकरा मिनिटं.
बेंगळुरू, जेटनं: ५२८ भागिले ७००, म्हणजे पंचेचाळीस, अधिक तीस, अधिक दहा. एक तास पंचवीस मिनिटं.

गोवा आणि मुंबईची वेळ सारखीच आली बघा. अंतरात सत्तावन्न किलोमीटरचा फरक असूनही. हे का होतं ते ज्याला कळलं, त्याला विमानाच्या वेळेबद्दल पुढे कुणाला विचारावं लागत नाही.

चौथी पायरी: तिकिटावरची वेळ कशाची असते

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. आकाशात उडण्याची नव्हे. पोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबण्याची. मधलं धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, उडणं, उतरणं, पुन्हा सरकत येणं, सगळं त्यात धरलेलं असतं. सोलापुरात सरकत जायला चार-पाच मिनिटं पुरतात, कारण रांगच नसते. मुंबईचं तसं नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमानं आकाशात घिरट्या घालत नंबराची वाट बघतात. पंधरा-वीस मिनिटं अशी गेली तर घाबरायचं कारण नाही. तिथे ते रोजचं आहे.

याशिवाय वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यामुळे मुंबईहून सोलापूरला येताना विमानाला मागून ढकल मिळते आणि जाताना तोच वारा अंगावर येतो. एवढ्या छोट्या अंतरात फरक काही मिनिटांचाच, पण जाण्या-येण्याची वेळ सारखी का नाही असं कुणी विचारलं तर एक कारण हे सांगता येईल.

आपल्या हवेतल्या दोन गोष्टी मात्र खऱ्या त्रासाच्या आहेत. एक म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो. तापलेली हवा विरळ होते, तिच्यात पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही कमी भरते. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटर उंचीवर, आणि धावपट्टी दोन किलोमीटरहून थोडीच जास्त. अशा दुपारी विमानाला वजनाचा हिशेब फार काटेकोर ठेवावा लागतो. काउंटरवर बॅगेच्या दोन जादा किलोंवरून अडवलं तर वाद घालण्याआधी हे आठवा. दुसरी गोष्ट म्हणजे दृश्यमानता. छोट्या विमानतळांवर धुक्यात उतरवणारी महागडी यंत्रणा बहुतेक वेळा नसते, वैमानिकाला धावपट्टी लांबूनच डोळ्यांनी दिसावी लागते. हिवाळ्यातली धुक्याची सकाळ किंवा जुलैतला कोकणातला पाऊस, या दिवसांत उशीर गृहीत धरूनच बेत करा. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त, परीक्षा किंवा कोर्टाची तारीख असेल तर आदल्या दिवशीच निघा. सोलापूरचं विमान रद्द झालं तर तासाभरात दुसरं मिळत नाही, ते दुसऱ्या दिवशीही असेलच असं नाही.

पाचवी पायरी: घर ते घर

आता सगळ्यात कामाची पायरी. एक कोरा कागद घ्या आणि पाच ओळी लिहा: घर ते विमानतळ, विमानतळावर थांबणं, उड्डाण, उतरून बाहेर पडणं, तिथून मुक्काम.

आत्याचा कागद मी जपून ठेवलाय. तिच्याच हातचं अक्षर आहे, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीतलं पान. जुळे सोलापुरातून विमानतळ: २० मिनिटं. तिथे थांबणं: दीड तास. उड्डाण: सव्वा तास. बॅग घेऊन बाहेर: २० मिनिटं. मोपाहून पणजी: एक तास. खाली रेघ मारून बेरीज केली, चार तास पंचवीस मिनिटं. त्या बेरजेशेजारी तिनं लिहिलंय, "गाडीनं ९". नऊ तास गाडीत बसून तिचे गुडघे धरले असते. तो कागद बघूनच तिची विमानाची भीती अर्धी गेली, असं ती नंतर म्हणाली.

हाच हिशेब मुंबईला लावला की चित्र जरा बदलतं. घर ते विमानतळ अर्धा तास धरा, थांबणं दीड तास, उड्डाण एक तास दहा मिनिटं, बाहेर पडायला अर्धा तास आणि अंधेरीहून दादरला तासभर. चार तास चाळीस मिनिटं झाली. वंदे भारत, जी १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते, रेल्वेचं ४५५ किलोमीटरचं अंतर साडेसहा तासांत कापते आणि थेट दादरला, सीएसएमटीला सोडते. स्टेशनला पोचण्याचा वेळ धरून सात तास म्हणा. म्हणजे विमानानं वाचतात दोन-सव्वादोन तास. ज्याला त्याच दिवशी दुपारी मुंबईत काम आहे, त्याच्यासाठी ते मोलाचे. आणि ज्याला सकाळी दहाला मंत्रालयात पोचायचंय, त्याला आपली रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस अजूनही उत्तम. झोपेत प्रवास होतो आणि दिवस मोकळा मिळतो. विमान आलं म्हणून रेल्वेचा हिशेब सोडू नका.

पुण्याला तर विचारच नको. हुतात्मा एक्सप्रेस साधारण चार तासांत नेते, महामार्गानंही तेवढेच लागतात.

आता दोन्हीकडे छोटी विमानतळं असलेलं एक उदाहरण. सोलापूर–कोल्हापूर असं थेट विमान असतं तर? हवाई अंतर २०५ किलोमीटर. एटीआरच्या ठोकताळ्यानं २०५ भागिले ४५० म्हणजे सत्तावीस मिनिटं, अधिक तीस, सत्तावन्न मिनिटं. ऐकायला छान. पण घर ते घर मांडा: अर्धा तास, दीड तास, सत्तावन्न मिनिटं, वीस मिनिटं आणि उजळाईवाडीहून शहरात अर्धा तास. पावणेचार तास झाले. सांगोला-मिरजेवरून नव्या महामार्गानं गाडी साधारण तेवढ्याच वेळात महाद्वार रोडला पोचवते. अडीचशे किलोमीटरच्या आतल्या अंतराला, वाटेत समुद्र किंवा मोठा डोंगर नसेल तर, विमानाचा वेळ वाचत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. गोव्याला वाचतो, कारण मध्ये सह्याद्रीचा घाट उतरायचा आहे. अंतरापेक्षा वाट कशी आहे, हे जास्त महत्त्वाचं.

बाहेरगावाहून देवदर्शनाला येणाऱ्यांनीही हा कागद उलट बाजूनं मांडावा. सोलापूरला उतरलं की अक्कलकोट चाळीसएक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तर-पंच्याहत्तर. पाहुणे बेंगळुरूहून येत असतील तर त्यांना 'विमान सव्वा-दीड तासाचं' एवढंच सांगू नका, पंढरपूरचा पुढचा दीड-पावणेदोन तासही सांगा. आषाढी-कार्तिकीला तो दुप्पट धरा. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत शहरातून विमानतळाकडे निघताना अर्धा तास आधी निघा. होम मैदानाच्या बाजूचे रस्ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी बंद असतात.

सहावी पायरी: विमानतळावरचा दीड तास

काउंटर सुटण्याच्या वेळेआधी साधारण तासभर बंद होतो, म्हणून दीड-पावणेदोन तास आधी पोचायचं. घरूनच मोबाइलवर चेक-इन करून बोर्डिंग पास घेतला तर बॅग देण्याचंच काम उरतं. दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. आधार कार्ड चालतं, पण तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे हा घोळ फार होतो. कार्डावर वडिलांचं नाव मध्ये असतं, तिकिटावर नसतं, बाईचं आडनाव एकीकडे माहेरचं असतं. तिकीट काढताना कार्ड समोर ठेवूनच अक्षरं टाका.

बॅग साधारण पंधरा किलो विमानाच्या पोटात आणि सात किलो हातात, पण कंपनीनुसार बदलतं, तिकिटावर वाचा. सोलापूरकर पाहुण्याकडे रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून दोन सूचना. शेंगाचटणी पोटातल्या बॅगेत द्या, हातातल्या बॅगेत तिखट पूड अडवली जाते. कडक भाकरी हातात घेतलेली बरी, पोटात दिली तर तिचा चुरा होतो. चादरी न्यायच्या असतील तर घरीच काट्यावर वजन करा, तीन जाड चादरींत निम्मं वजन संपतं. पॉवर बँक मात्र नेहमी हातात, पोटातल्या बॅगेत कधीच नाही, कारण बॅटरीला आग लागली तर ती माणसाच्या नजरेसमोर लागलेली बरी.

सुरक्षा तपासणीत मोबाइल, पट्टा, नाणी ट्रेमध्ये काढून ठेवायची. आत्याच्या बांगड्यांवर यंत्र वाजलं, तिला बाजूला घेतलं आणि ती गोरीमोरी झाली. महिला जवानानं हातातल्या यंत्रानं तपासलं आणि "जा आज्जी" म्हणून पाठवलं. आज्जी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे आपण काही चूक केली असं त्यांना वाटत नाही.

आपल्या विमानतळावर चालतच विमानापाशी जायचं. एटीआरला मागच्या दारानं चढतात आणि त्याचे पंख वर असतात, त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं. दोन्ही विमानांत बाकं दोन-दोनची, मधलं अडकलेलं आसन नाही. मुंबईला जाताना उजवीकडची खिडकी मागा. वाट सरळ असली तर दहा-पंधरा मिनिटांत उजनीचा जलाशय दिसतो, धरणापासून भिगवणकडे पसरत गेलेला. गोव्याची सरळ रेषा जत, अथणी, चिकोडीच्या आसपास जाते. पिवळी-करडी रानं, मग उसाचे हिरवे चौकोन, आणि मग एकाएकी जमीन तुटते आणि खाली घाटाचं जंगल येतं. आत्यानं पट्ट्याचं बक्कल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. चिकोडीनंतर केव्हातरी एक हात सुटला आणि काचेला टेकला.

सातवी पायरी: परतीचा आणि पुढचा बेत

परतीचं तिकीट काढताना विमान त्या दिवशी आहे का, हे आधी बघा. तारीख ठरवून मग विमान शोधायची सवय मुंबई-पुणेकरांची. आपल्याला विमानाचा वार बघून मुक्काम ठरवावा लागतो. मुंबई-बेंगळुरूहून पुढचं विमान जोडायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात मिळतात का बघा. वेगवेगळी काढली आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरं तिकीट बुडतं. एकाच आरक्षणात असेल तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी काढावी लागलीच तर मध्ये किमान तीन-चार तास ठेवा, पावसाळ्यात जास्त. आणि पुन्हा सांगतो, दोन्ही तिकिटांवरची तीन अक्षरं जुळवून बघा.

घ्यायला येणाऱ्याला नुसती तिकिटावरची पोचण्याची वेळ कळवू नका. तिच्यात बॅगेची वीस मिनिटं मिळवून सांगा, आणि विमान खरंच सुटलं की एक फोन करा. आत्यानं मोपाहून फोन केला तेव्हा मी विमानतळावरून नुकताच आसरा चौकात येऊन चहा घेत बसलो होतो, असं माझा चुलतभाऊ अजून सगळ्यांना सांगतो. तसं नव्हतं. घरी येऊन जेवण झालं होतं आणि मी तिच्या कागदाची प्रत माझ्या वहीत उतरवून घेत होतो. फोनवर ती म्हणाली, "एक तास सात मिनिटं लागली रे. तू एक तास अकरा म्हणाला होतास."